सिमेंट प्रकरण 1981: 'आमचा माणूस' म्हटलं की हिशोब कुठे थांबतो

कुठल्याही नेत्यावर आरोप झाला की त्याच्या माणसांकडून ठरलेली उत्तरं येतात. त्यांच्यावाल्यांनी काय कमी खाल्लं, हे सगळं राजकारण आहे, आणि सगळ्यात जास्त चालणारं म्हणजे "खाल्लं असेल पण कामं तर केली ना". लोकांना वाटतं की हा सोशल मीडियाचा परिणाम आहे, आयटी सेलवाल्यांनी लोकांची डोकी फिरवली वगैरे. पण हीच उत्तरं महाराष्ट्रात 1981 साली पण दिली जात होती, तेव्हा ना मोबाईल होता ना आयटी सेल. म्हणून मी मुद्दाम जुनं प्रकरण घेतलंय. आजचं घेतलं की वाचणारा दुसऱ्या ओळीतच ठरवतो की लिहिणारा कुठल्या पार्टीचा, आणि मग पुढचं काही त्याच्या डोक्यात शिरत नाही.

प्रकरण बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांचं. ज्यांना फक्त "सिमेंट घोटाळा" एवढाच शब्द माहिती आहे त्यांच्यासाठी आधी माणूस कोण होता ते सांगतो, कारण तो भाग सोडला तर लोक त्यांच्यामागे का उभे राहिले हे कळणारच नाही.

अंतुले कोकणातले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेले. 1978 ला काँग्रेस फुटली तेव्हा राज्यातले मोठमोठे नेते, यशवंतराव चव्हाणांसकट, इंदिरा गांधींच्या विरुद्ध बाजूला होते आणि अंतुले मात्र बाईंबरोबर राहिले. पुढे 1980 ला इंदिरा गांधी परत सत्तेत आल्या, शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं, विधानसभेत काँग्रेस (आय) ला 288 पैकी 186 जागा मिळाल्या, आणि 9 जून 1980 ला अंतुले मुख्यमंत्री झाले. राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. खुर्ची कशामुळे मिळाली? वाईट दिवसात साथ दिली म्हणून. म्हणजे निष्ठा हेच त्यांचं भांडवल होतं, आणि पुढचं सगळं त्याच भांडवलावर चाललं.

पण ते नुसते दिल्लीचे माणूस होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. दीड वर्षात त्यांनी जे निर्णय घेतले ते आजही लोकांच्या तोंडी आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांची. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते 1 जानेवारी 1981 ला, त्यांच्याच काळात. सिंधुदुर्ग आणि जालना हे वेगळे जिल्हे 1 मे 1981 ला झाले. शिवाजी महाराजांची भवानी तलवार लंडनहून आणतो म्हणाले, ती काही आली नाही पण तो विषय घराघरात गेला. फाइल आली की सही, असा झपाटा होता.

निराधार योजनेचं मी जवळून बघितलंय. माणगाव तालुक्यात आमच्या नात्यातल्या एक काकी होत्या, नवरा लवकर गेला, मूल नाही, जमीन दिराच्या नावावर. त्यांना दर महिन्याला जे काही थोडे पैसे मिळायचे ते या योजनेचे. रक्कम लहान, पण ती त्यांच्या स्वतःच्या नावावर यायची, मीठ-मिरचीला दिरापुढे हात पसरावा लागायचा नाही. त्या पैशाला त्या शेवटपर्यंत "अंतुल्यांचे पैसे" म्हणायच्या. आता अशा बाईला तुम्ही जाऊन सांगा की बाई, त्या माणसाने सिमेंटमध्ये भानगड केली, हायकोर्टाने तसं म्हटलंय. काकी काय म्हणायच्या ते मी ऐकलंय. "असेल बाबा, मला काय त्यातलं कळतंय, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं तेव्हा त्याने बघितलं." या वाक्याला अंधभक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिचा अनुभव खरा आहे. गोंधळ पुढे होतो, जेव्हा तिचा खरा अनुभव दुसरंच कोणीतरी उचलतं आणि भलत्याच आरोपापुढे ढाल म्हणून धरतं.

आता भानगड काय होती

तेव्हा सिमेंट बाजारात जाऊन घ्यायची वस्तू नव्हती. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, भाव सरकार ठरवायचं, कोणाला किती पोती द्यायची ते पण सरकारच ठरवायचं. माल कमी आणि मागणी प्रचंड, त्यामुळे सरकारी भाव एक आणि काळ्या बाजारातला भाव त्याच्या कितीतरी वर. घराला स्लॅब टाकायचा तर परमिटसाठी अर्ज, खेपा, ओळखी, मग कधीतरी थोडी पोती. ज्याच्या हातात वाटपाची सही त्याच्या हातात सोन्याची खाण, कारण सरकारी भावात पोती मिळाली म्हणजे मधला सगळा फरक बिल्डरच्या खिशात.

दुसऱ्या बाजूला अंतुल्यांनी ट्रस्ट काढले. त्यातला सगळ्यात गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, ऑक्टोबर 1980 चा. उद्देश काय तर साहित्यिक, कलावंतांना मदत. उद्देशाला नावं ठेवायला जागाच नाही. बाकी पण होते, कोकणासाठी, आपल्या भागासाठी. या ट्रस्टांमध्ये कोट्यवधी रुपये जमा झाले. आले कुठून? बिल्डर लोकांकडून देणगी यायची आणि त्यांना सिमेंटचं वाटप व्हायचं. साखर कारखान्यांकडून पण पैसे आले, ज्यांची कामं सरकारदरबारी अडकलेली होती अशा कारखान्यांकडून, आणि तो पैसा शेवटी कोणाचा, तर उसाच्या टनामागे कापून घेतलेला, म्हणजे शेतकऱ्याचा.

31 ऑगस्ट 1981 ला इंडियन एक्सप्रेसमध्ये अरुण शौरींनी हे सगळं छापलं, "इंदिरा गांधी अ‍ॅज कॉमर्स", म्हणजे इंदिरा गांधींच्या नावाचा व्यापार, अशा मथळ्याखाली. संसदेत गदारोळ झाला, विधानसभेत झाला. अंतुले मात्र खुर्चीवर होते, आणि पुढे साडेचार महिने राहिले.

या साडेचार महिन्यांवर मला जरा थांबायचंय. माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे, कोर्टात काय झालं तो नंतरचा भाग.

बघा, ट्रस्टला नाव कोणाचं दिलं? पक्षाच्या सर्वोच्च नेत्याचं. हे नाव दिल्यामुळे काय झालं की ट्रस्टच्या हिशोबाबद्दल प्रश्न विचारला की तो आपोआप इंदिरा गांधींबद्दलचा प्रश्न व्हायचा. काँग्रेसच्या एखाद्या साध्या आमदाराला समजा मनातून पटत नसेल, की बाबा सिमेंट देताना देणगी कशाला लागते, तरी तो उठून विचारणार कसा? त्याने तोंड उघडलं की तो बाईंच्या विरोधात गेला. नंतर प्रकरण अंगाशी आल्यावर इंदिरा गांधींचं नाव त्या ट्रस्टमधून काढलं गेलं, म्हणजे नाव किती महाग पडतंय हे वरच्यांना पण कळलं, पण तोपर्यंत त्या नावाने आपलं काम करून घेतलेलं होतं. आजही बघा, एखाद्या योजनेला, ट्रस्टला, पुलाला, स्पर्धेला नेत्याचं नाव दिलं की त्या कामातला खड्डा दाखवणारा माणूस लगेच नेत्याचा शत्रू ठरतो. नाव देणं म्हणजे नुसता हारतुऱ्याचा प्रकार नसतो, हिशोब विचारणाऱ्यासाठी ती एक भिंत असते.

पक्षात विरोधी गट नव्हते का? होते ना. वसंतदादांचा गट होता, बाकीचे नाराज होते. पण त्यांचा वाद खुर्चीचा. मुख्यमंत्री कोण यावर भांडण, आणि सिमेंटचं वाटप कसं झालं याची चौकशी पक्षानेच लावायला पाहिजे हा विचार कुठेच नाही. गटबाजी आणि उत्तरदायित्व या वेगळ्या गोष्टी आहेत, गटबाजीत आरोप फक्त हत्यार असतो, आपला गट आला की तो परत म्यानात जातो.

आणि समर्थकांची उत्तरं काय होती? पैसे स्वतःच्या खिशात घातले नाहीत, ट्रस्टमध्ये गेले, ट्रस्ट चांगल्या कामासाठी. हे उत्तर आजही रायगडमध्ये ऐकू येतं आणि वरवर बघितलं तर त्यात दम वाटतो. पण जरा पोत्याच्या बाजूने विचार करा. पोती ठरावीक होती. देणगी देणाऱ्याला जास्त मिळाली म्हणजे न देणाऱ्याची कमी झाली. न देणारा कोण? ज्याला एकच घर बांधायचंय, जो परमिटसाठी तालुक्याला खेपा मारतोय. आणि बिल्डरने दिलेली देणगी तो स्वतः थोडीच सोसणार, तो ती फ्लॅटच्या भावात लावणार. म्हणजे कलावंतांना मदत मिळाली असेलही, पण तिचं बिल ज्या माणसाने भरलं त्याला कोणी विचारलं नव्हतं. मुख्यमंत्र्याला कलावंतांना मदत करायची तर बजेट आहे, विधानसभा आहे, मांडा, मंजूर करून घ्या. सरकारी वस्तूवर खाजगी पावती फाडायची आणि म्हणायचं हेतू चांगला होता, हे मला कुठल्याही पक्षाच्या माणसाकडून मान्य नाही.

दुसरं एक उत्तर होतं की ते मुस्लिम आहेत म्हणून मागे लागलेत. आकसाने बोलणारे लोक होते, मी नाकारत नाही, कुठल्याही काळात असतात आणि त्यांना तिथल्या तिथे सुनावलंच पाहिजे. पण टीका करणाऱ्याचा हेतू वाईट असला तरी देणगी आणि वाटपाच्या नोंदी त्याने बदलत नाहीत.

कोर्टात

पक्षाने काही केलं नाही, मग केलं कोणी? जनता पक्षाचे प. बा. सामंत, मृणाल गोरे वगैरे मंडळी मुंबई हायकोर्टात गेली. समोर न्या. बख्तावर लेंटिन. 12 जानेवारी 1982 ला निकाल आला, देणगी आणि सिमेंटचं वाटप यांचा एकमेकांशी संबंध होता असा स्पष्ट निष्कर्ष. त्यानंतर मात्र दिल्लीलाही सांभाळून घेणं अशक्य झालं, अंतुल्यांनी राजीनामा दिला आणि 21 जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. ते पण अंतुल्यांच्याच मंत्रिमंडळातले, आणि नाव दिल्लीने ठरवलेलं.

आता इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. राजीनामा झाला, न्याय झाला. पण राजीनामा ही खुर्चीची गोष्ट आहे, गुन्हा झाला की नाही हे अजून ठरायचं होतंच. त्या बाजूला काय झालं ते बघा.

भाजपचे रामदास नायक यांनी 1 सप्टेंबर 1981 ला, म्हणजे बातमीच्या दुसऱ्याच दिवशी, राज्यपालांकडे खटला भरायची मंजुरी मागितली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अशी मंजुरी लागते. त्यांनी तक्रार दाखल केली तर ती मंजुरी नाही म्हणून फेटाळली गेली. मग प्रश्न आला की मुख्यमंत्र्यावरच खटला भरायचा असेल तर राज्यपालांनी मंत्रिमंडळाचा सल्ला घ्यायचा का? म्हणजे ज्याच्यावर आरोप त्याच्याच लोकांना विचारायचं का, की साहेबांवर केस करू का? हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तिथे टिकलं ते असं की या बाबतीत राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने ठरवायचं. जुलै 1982 मध्ये राज्यपालांनी काही आरोपांपुरती मंजुरी दिली.

पुढे विशेष न्यायाधीशांनी अंतुल्यांना सोडून दिलं, कारण काय तर ते अजून आमदार आहेत, आमदार लोकसेवक असतो, म्हणून त्या पदासाठी वेगळी मंजुरी पाहिजे. 16 फेब्रुवारी 1984 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की नाही, ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटलेलं असेल तर मंजुरीची गरज नाही, आणि खटला लवकर संपावा म्हणून तो थेट हायकोर्टाकडे पाठवला. हायकोर्टात आरोप निश्चित झाले, साक्षी झाल्या. आणि मग 29 एप्रिल 1988 ला सुप्रीम कोर्टाच्याच सात न्यायाधीशांनी बहुमताने म्हटलं की 1984 चा तो हायकोर्टाकडे पाठवण्याचा आदेश चुकीचा होता, त्याने आरोपीच्या मूलभूत हक्कांवर गदा आली, खटला परत विशेष न्यायालयाकडे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात आणि मुद्दा कायद्याने चुकीचाही नाही, आरोपी कितीही मोठा असो त्याला ठरलेल्या मार्गानेच न्याय मिळायला हवा, अपिलाचा हक्क जाता कामा नये. पण सामान्य माणसाच्या बाजूने बघा. 1981 चं प्रकरण, 1988 उजाडलं, आणि सुप्रीम कोर्टात चर्चा चालू आहे की खटला कुठल्या कोर्टात चालवायचा. अंतुल्यांना या प्रकरणात शिक्षा कधीच झाली नाही. त्यामुळे त्यांना गुन्हेगार म्हणणं कायद्याने बरोबर नाही आणि मी म्हणणार पण नाही. पण "कोर्टाने क्लीन चिट दिली, म्हणजे काही झालंच नव्हतं" हे पण तितकंच खोटं आहे, कारण लेंटिन साहेबांचा निष्कर्ष कागदावर आहे.

1989 ला ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. 1991, 1996 ला पुन्हा. 1995 च्या सुमारास केंद्रात आरोग्यमंत्री. 2004 ला पुन्हा खासदार आणि 2006 पासून अल्पसंख्याक मंत्री. 2009 ला अनंत गीतेंकडून हरले, आणि 2 डिसेंबर 2014 ला गेले. म्हणजे पक्षाने तिकिटं दिली, लोकांनी मतं दिली.

मतं दिली म्हणून मतदारांना शिव्या घालणारे बरेच भेटतात, मला ते पटत नाही. काकींसारख्या माणसांनी मत दिलं त्यात त्यांचं काय चुकलं, समोर पर्याय दोन-तीन, त्यातला ओळखीचा आणि कामाचा निवडला. मत एकच असतं, त्यात निराधार योजनेचं आभार आणि सिमेंटचा जाब असे दोन खण नसतात. म्हणूनच "लोकांनी निवडून दिलं, विषय संपला" हे पुढाऱ्यांचं आवडतं वाक्य चुकीचं आहे. निवडणूक जिंकणं म्हणजे हिशोब तपासून झाला असं होत नाही, तो तपासायची जागा वेगळी आहे. पक्षाची बैठक, विधिमंडळ, लोकलेखा समिती, कोर्ट. यातल्या पहिल्या जागी, पक्षात, 1981 ला कोणी तपासला नाही, आणि ते काम विरोधकांवर पडलं. विरोधकांनी केलं की ते राजकारण ठरतं. हेच चक्र आहे. विरोधकाने विचारलेला प्रश्न नेता हसून झटकू शकतो, स्वतःच्या कार्यकर्त्याने बूथवर, शाखेत, वाड्यावर जाऊन विचारला तर झटकता येत नाही. म्हणून निष्ठावान माणसाच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त किंमत आहे आणि नेमका तोच विचारत नाही.

कोणाला वाटेल हे फक्त काँग्रेसचं आहे. अजिबात नाही. 2001 साली भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष बंगारू लक्ष्मण कॅमेऱ्यावर पैसे घेताना दिसले, अध्यक्षपद गेलं, पण कोर्टाची शिक्षा यायला 2012 उजाडलं. आपल्याकडे 1986 ला शिवाजीराव निलंगेकरांना मुलीच्या एमडी परीक्षेच्या मार्कांच्या प्रकरणावरून मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं आणि नंतर त्यांचं राजकारण व्यवस्थित चालू राहिलं. नावं बदलतात, झेंडे बदलतात, पद्धत तीच.

कायद्याचं म्हणाल तर उलटा प्रवास झालाय. 1984 ला कोर्टाने सांगितलं होतं की पद गेलं की मंजुरीची ढाल पण जाते. 2018 ला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला आणि पदावरून गेलेल्यांना पण ती ढाल परत मिळाली, शिवाय सरकारी निर्णयांबाबतच्या आरोपांत चौकशी सुरू करायलाच आधी परवानगी लागायला लागली. या दुरुस्तीवर कुठल्याही पक्षाचे कार्यकर्ते रस्त्यावर आल्याचं मला आठवत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या केसेसपासून वाचवायला हवं हे मान्य, पण त्यात मंत्री पण आले ना.

एक साधन मात्र आपल्या हातात आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. 13 फेब्रुवारी 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गुन्हे दाखल असलेला उमेदवार पक्षाने निवडला तर त्याच्या केसेस आणि त्यालाच का निवडलं याची कारणं पक्षाने आपल्या वेबसाइटवर, सोशल मीडियावर आणि वर्तमानपत्रात जाहीर करायची, आणि नुसतं "निवडून येऊ शकतो" हे कारण चालणार नाही. ऑगस्ट 2021 मध्ये बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळलं नाही म्हणून कोर्टाने बऱ्याच पक्षांना दंड पण ठोठावला. पक्ष ही कारणं ज्या फॉर्ममध्ये जाहीर करतात त्यात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की उमेदवार लोकप्रिय आहे, समाजकार्य करतो, केसेस राजकीय आहेत. म्हणजे जी उत्तरं 1981 ला तोंडी दिली जायची ती आता पक्षाच्या सहीनिशी छापून येतात. पुढच्या वेळी तिकीट जाहीर झालं की आधी स्वतःच्या पक्षाचा हा कागद उघडा, समोरच्याचा नंतर बघू, कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा आणि पटलं नाही तर बूथच्या मीटिंगमध्ये उभं राहून विचारा की हे कोणी लिहिलं आणि कशाच्या आधारावर.